आई श्वास घ्यायची तिथे

गेरिनिश, साउथ युइस्ट बेट, स्कॉटलंड
७ जुलै १९७८

प्रिय तोरमोददादा,

तू नि वहिनी मजेत असालच. आम्हीही बरे आहोत. जळणासाठी पीटची माती कापून वाळत घातलीय, पण पाऊस ऐकेल तर ना! काळ्या गाईला कालवड झाली.

तुझं पाकीट मिळालं, आपल्या नाचाच्या धुनेची, रीलची, छापील स्वरलिपीही. सोबत तुझी चिठ्ठी: ‘गुरुवारी स्पर्धेत रील अशीच वाजव, नाहीतर परीक्षक म्हणून शेवटचा नंबर देईन. बहीण म्हणून सोडणार नाही.’ बरं झालं, आधीच सांगितलंस.

पुस्तकात म्हणे ही रील पलटणीत बॅगपाइप वाजवणाऱ्या एका पायपरने रचली. शेजारचे लाखलनकाका खो-खो हसले. “पलटण कसली डोंबलाची! स्काय बेटाहून गुरं हाकत आलेल्या माझ्या पणजोबाने आणली ती!” पलीकडच्या गावात तिचे दोनच भाग वाजवतात, तिसरा आपण चिकटवला म्हणतात. रील एक आणि बाप दहा. मी त्या भांडणात पडत नाही.

माझं भांडण एका सुराचं आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी आपल्याकडे खालचा सूर लांबवतात, त्याला तू चूक म्हणतोस. ‘बॅगपाइपच्या पिशवीला श्वास लागत नाही, मग रेंगाळायचं कशाला?’

पिशवीला नाही लागत, दादा. आईला लागायचा.

लग्नात पायपर पिऊन आडवा झाला की आईच तोंडाने रील म्हणायची आणि स्वयंपाकघरात सगळे नाचायचे. त्या सुरापाशी ती दम घ्यायची, तेवढा वेळ नाचणारेही थबकायचे. लाखलनकाकांनी रील तिच्या तोंडून उचलली, मी त्यांच्याकडून. बॅगपाइपला मधेच गप्प बसता येत नाही, म्हणून तिच्या श्वासाच्या जागी आम्ही सूर धरून ठेवतो. तुला हे माहीत नाही असं मला सांगू नकोस.

फेब्रुवारीत तू आला नाहीस. बोटी बंद होत्या, मान्य. मी त्याबद्दल लिहिणारच नव्हते. पण शेवटच्या दिवसांत तिला सलग दोन शब्द बोलवत नव्हते, तरी ती रील पुटपुटायची आणि बरोब्बर त्याच जागी श्वास घ्यायची. ते ऐकलं असतंस तर हे पाकीट पाठवायची तुझी छाती झाली नसती. मला राग आलाय, दादा. खूप आलाय.

गुरुवारी मी आपलीच रील वाजवणार. तो सूर धरीन तेव्हा कागदात डोकं घालू नकोस. तिच्या मांडीवर बसून शिकलास तू. तिथे तुझाही श्वास आपोआप घेतला जाईल.

मग खुशाल दे शेवटचा नंबर.

तिची मुलगी, आणि अजूनही तुझी बहीण,
शोनाक