बिननावाची बंदूक

२४ सप्टेंबर

पोचले एकदाची सिल्वासाला. डोकमर्डीत कल्पेशचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आहे. घर ऐसपैस, नळाला पाणी, गॅलरीत वारा. सून तीच. सरितानं दारात भाकरतुकडा ओवाळला आणि लगेच म्हणाली, आई, शेजारी गुजराती लोक आहेत, जरा हळू बोलत जा. मी म्हटलं, का, मी चोरी करून आलेय का? पाच वर्षांची भक्ती तेवढी माझ्या मांडीवर येऊन बसली. नात गोड आहे, आईवर गेली नाही.

चौथीनंतर आजच हातात पेन धरलं. कल्पेशनं कंपनीची डायरी दिली. म्हणाला, मनात येईल ते यात लिही, सरिताला ऐकवू नको.

बरोबर बंदूक आणलीय. चुलत दीर गोकुळभाऊजी श्रावणात गेले. पोर ना बाळ. पुतण्या वाल्मिकनं शेत घेतलं आणि बंदूक आमच्या गळ्यात मारली, दारूगोळ्यांच्या चामडी पिशवीसकट. गोधडीत गुंडाळून एस.टी.त घातली. कंडक्टरनं विचारलं, तर मुसळ म्हणून सांगितलं. मेला हसला.

२८ सप्टेंबर

राखोलीच्या कंपनीतले कल्पेशचे साहेब नंदकुमार आले होते. पुण्याचे, राहायला टोकरखाड्यात. जुन्या वस्तूंचा भारी नाद. बंदूक कुठली, कधीची ते कळलं की सरकारात कळवू, असं कल्पेशचं म्हणणं.

साहेबांनी भिंग लावून पाहिली. म्हणे ठासणीची आहे, दारू नळीच्या तोंडातून भरायची. नळी इकडच्या लोहाराची, घोडा परदेशी, दस्त्याचं लाकूड कसलं ते त्यांनाही कळेना. चापाजवळ मालकाचं नाव कोरतात, तिथं कानस मारलेली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. लोखंड तिथं पत्र्यासारखं पातळ झालंय. मग आत गज घालून बघितला, तळापर्यंत गेला. रिकामी आहे म्हणाले.

फोटो काढून ओळखीच्यांना पाठवले. चहा दोनदा प्याले, बंदूक कुणाची ते काही सांगता आलं नाही.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. आमच्यात आज हत्यारं-अवजारं पुजतात. हळदकुंकू लावताना जे ज्याचं, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. विळी सरिताची. पाने-पक्कड कल्पेशची. पाटी भक्तीची. बंदुकीपाशी आले आणि अडले. सरिता म्हणाली, आई, गावाला विचारून घ्या. मी म्हटलं, तू मला देवधर्म शिकवू नको. घरातला कर्ता कल्पेश. त्याचंच नाव घेतलं.

४ ऑक्टोबर

कल्पेश काल कामावर गेला नाही, आजही नाही. गॅलरीत बंदूक मांडीवर घेऊन बसलाय. तेल लावतो, पुसतो, परत लावतो. जेवायला हाक मारली तर असं बघितलं, जशी मी कुणी दारावर आलेली बाई. पोटच्या पोरानं कधी तसं बघितलं नव्हतं.

वाल्मिकला फोन लावला. तो म्हणे, आप्पा (गोकुळभाऊजींना तो आप्पाच म्हणायचा) पूजेला नाव घेतच नसत, नुसतं 'ज्याची त्याला' म्हणत. त्यांच्या बापानं एकदा स्वतःचं नाव घेतलं होतं. त्याच महिन्यात बांधाच्या भांडणावरून सख्ख्या भावाला गोळी घातली. नाव घेतलं की त्या माणसाच्या मनात ज्याच्यावर राग, त्याच्यावर ती उठते. खऱ्या मालकाचं नाव सापडलं तरच सुटका, नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी घेईपर्यंत ती सोडत नाही.

म्हटलं, गाढवा, हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का? म्हणे, काकू, तुम्ही मला बोलू दिलं का?

५ ऑक्टोबर

नंदकुमारांना बोलावून घेतलं. मालकाचं नाव शोधा म्हणून हात जोडले. मी! त्यांनी ज्यांना फोटो धाडले होते त्यांतला एक म्हणतो पोर्तुगीज शिपायाची, दुसरा म्हणतो कुण्या संस्थानची, तिसरा म्हणतो असली बंदूक कधी बघितलीच नाही.

कल्पेश आंघोळीला गेला होता. साहेबांनी सहज गज आत घातला. वीतभर आधीच अडला. भरलेली होती.

गजाला पेच लावून त्यांनी आतलं ओढून काढलं. दारू, गोळी, आणि मध्ये ठासलेला कापडाचा बोळा. हिरवा. माझ्या लुगड्याचा काठ. सकाळपासून शोधत होते, सरितावर आळ घेतला होता.

साहेब चहा न घेता गेले. आजच्या आज पोलिसात द्या म्हणाले. कल्पेशची नखं काळी. भक्तीची शपथ घेऊन सांगतो, मला काही आठवत नाही. खोटं बोलत नाही तो. माझ्या तोंडाला कंटाळलाय हे मला माहीत आहे. कोण नाही कंटाळलं.

६ ऑक्टोबर

पोलिसांचं नाव काढलं तर कल्पेश दारात आडवा उभा राहिला. सरिता रडते. रडून काय होतंय.

मालक सापडत नाही. मग माझं नाव घेते. मी म्हातारी, कुणाला मारणार? राग आला की तोंडानं ओकून टाकते, आत काही ठेवत नाही.

कल्पेश जरा लवंडला तशी हळदकुंकू लावलं. तानूबाईची, म्हटलं.

तो उठून चहा मागायला लागला. मग लहान पोरासारखा रडला. सरितानं मला मिठी मारली. बराच वेळ सोडली नाही. मला ते आवडलं नाही.

७ ऑक्टोबर

कल्पेश शिफ्टला गेला. बंदूक पोलिसात द्यायची, पण आज नको. तिला तेल लावायचं राहिलंय.

भाजीत मीठ नव्हतं. मुद्दाम. सरिता फोनवर हसत होती — माझ्यावरच.

८ ऑक्टोबर

सरिता विचारते, पिवळी ओढणी कुणी फाडली. मला काय माहीत.

साबणानं घासली तरी माझी नखं काळीच —

कल्पेशला सांगणार होते. त्यानं विचारलं, आई, बरी आहेस ना? तोंडातून आलं, बरी आहे. मी नाही म्हटलं ते.

९ ऑक्टोबर

सरिता भक्तीला शाळेतून आणायला गेलीय. घरात मी एकटी.

दाराला कडी घातली होती. आता ती निघालेली आहे — कुणी काढली —

नळी टेबलावर, दाराकडे. उजवा हात चापावर. सुटत नाही. डाव्यानं लिहितेय. हा हात लिहिता ठेवलाय, म्हणजे तिकडे जायचा नाही.

खाली फाटक वाजलं. सरिताच्या चपला.

वर येऊ नको म्हणून ओरडले. आवाज नाही. जन्मात पहिल्यांदा — तोंड उघडतंय, आवाज नाही —

जिना चढतायत. सरिता दमते, मागं राहते. पोरगी नेहमी पुढं पळते, दोन्ही हातांनी दार ढकलते —

भक्ती थांब बाळा आजीच्या हातात