हॅटखालचे बाबा

वोल्फ्सबुर्ग, जून २००६

चि. ईप्सिता,

घशाच्या ऑपरेशननंतर तू पहिल्यांदाच गाणार होतीस आणि "बाबा, तुम्ही येऊ नका," असं मला बजावलं होतंस. मी आलो. काउबॉय हॅट घालून, तुझ्या कंट्री गाण्यांवर नाचणाऱ्या जर्मन आजोबांच्या रांगेत उभा राहिलो. कराडच्या गॅरेजपासून आजवर मी इंजिनं डोळे मिटून, कानानेच तपासली. तुझा वरचा सूर आला तेव्हाही डोळे मिटून ऐकलं. कुठेही खरखर नव्हती. मग मीही नाचलो, चुकीच्या पायाने.

संध्याकाळी तुझा फोन आला, "बरं झालं तुम्ही नव्हतात. तुमचे मिटलेले डोळे दिसले असते, तर माझा आवाजच निघाला नसता."

म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकत नाही. हॅट मात्र जपून ठेवली आहे.

आता निवांत झोपणारा,
बाबा