पाहुण्याचा घास

मॅसिडॉन गावानजीक, एरी कालवा,
न्यूयॉर्क राज्य.
भाद्रपद वद्य एकादशी, शके १९४७

चि. प्रसाद यास,

तुम्ही सर्व नेपरव्हिलला सुखरूप असाल. सौ. सुमेधाची व चि. अनिकाची खुशाली परवा अनिकानेच फोनवर कळवली. पत्राच्या आरंभी वडिलांनी मुलास जो एक शब्द लिहावा अशी आपल्या घरची रीत आहे, तो या खेपेस वर दिसणार नाही. तो विसरून राहिलेला नाही.

माझी प्रकृती उत्तम आहे. मे महिन्यात घर सोडून स्वानंदीच्या या बोटीवर आलो तेव्हा, ‘बाबा त्या डबीत आठवडाभरही टिकणार नाहीत,’ असे तू तिला म्हणाला होतास. माझ्या बहिणीची मुलगी सरळ स्वभावाची आहे; ऐकलेले सर्व मामाला सांगते. डबी खरीच. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटे लागतात. परंतु पहाटे स्नान करून संध्येस बसलो की खिडकीच्या काठाशी पाणी असते, आणि अर्घ्य देण्यास उठावे लागत नाही. बोट माणसाच्या चालीने जाते. पूर्वी खेचरे ज्या वाटेने नावा ओढीत, त्याच वाटेने आता आमचे दोन कुत्रे बरोबर चालतात आणि कंटाळा आला की पुढच्या पुलाखाली आमची वाट पाहत बसतात.

सुकाणू धरणे मी शिकलो. डावीकडे जायचे तर दांडा उजवीकडे लोटावा लागतो. पहिल्या दिवशी मी बोट थेट लव्हाळ्यात घातली, तेव्हा स्वानंदी म्हणाली, “मामा, इट्स ओके, पण तुम्ही ना, दांड्यालासुद्धा उपदेश करताय!”

काळा कुत्रा तिचा आहे. त्याचे नाव तिने आधी काही इंग्रजी ठेवले होते; मी त्याला श्याम म्हणू लागलो, तर तो त्याच नावाला ओ देतो. दुसरा ठिपक्यांचा, म्हातारा, मागच्या पायाने अधू. जूनमध्ये एका लॉकच्या, म्हणजे बोटी वर-खाली चढवणाऱ्या पाण्याच्या हौदाच्या, भिंतीशी कोणीतरी त्याला बांधून निघून गेले होते. त्याला मी शबल म्हणतो. ही दोन नावे यमाच्या दारातल्या कुत्र्यांची, हे तुला मुंजीच्या वर्षी शिकवले होते. आठवत नसेल तर ज्या गुरुजींना तू संगणकाच्या पडद्यावर बोलावतोस, त्यांना विचार.

गुरुजींचा विषय निघालाच आहे, तर अविधवा नवमीचे लिहितो.

तुझा फोन आला तेव्हा आम्ही लॉकमध्ये होतो. मागची दारे मिटली होती, पाणी भरत होते, बोट हळूहळू वर चढत होती आणि भिंतीवरून लोंबणारा दोर माझ्या हातात होता. “मामा, फोन नंतर! दोर सैल पडतोय, ओढा!” असे स्वानंदी ओरडत असताना मी तुझा आवाज ऐकला. “बाबा, आईचं सगळं नीट झालं. पानं मांडली. गाईचा, कावळ्याचा घास ठेवला. फक्त कुत्र्याच्या घासाचं काय करू? गुरुजी म्हणतायत पाण्यात सोडा, चालतं. पण मी म्हटलं, बाबांना विचारतो.”

मी म्हणालो, “चालत नाही. श्वानाने खाल्ल्यावाचून तुझ्या आईपर्यंत काही पोचणार नाही. सोवळे सोडू नकोस, पायांत काही घालू नकोस, गाडी काढू नकोस. पान हातात घे आणि कुत्रा शोध. तो खाईपर्यंत तू जेवायचे नाहीस.”

तू म्हणालास, “बरं, बाबा.”

पुढचे मला अनिकाने सांगितले. ती तुझ्या मागून चालत होती. धोतर नेसलेला, उघड्या अंगाचा, अनवाणी मनुष्य हातात केळीचे पान घेऊन त्या आखीव हिरवळींमधून दारोदार जाताना लोकांनी पाहिला. एका बाईने आपला कुत्रा उचलून पोटाशी धरला. दुसरी म्हणाली की तिच्या कुत्रीला तांदूळ वर्ज्य आहे, तिचे डॉक्टरांनी ठरवलेले पथ्य असते. एका गृहस्थाने अनिकाला बाजूस घेऊन विचारले, तुझे वडील बरे आहेत ना, कोणाला बोलवायचे आहे का? खिरीवर माश्या बसू लागल्या. तू घरोघर तेच वाक्य म्हणत होतास, “प्लीज, इट्स फॉर माय मदर.”

प्रसाद, गुरुजींचे बरोबर होते. कुत्रा न मिळाल्यास घास पाण्यात सोडावा, शास्त्राला ते मान्य आहे. मला ते ठाऊक होते. उभ्या आयुष्यात धर्माच्या बाबतीत मी कोणाला खोटा निर्णय दिला नाही, तुला दिला. तू गुरुजींवर विसंबला नाहीस, माझ्यावर विसंबलास. सूड घेऊ पाहणाऱ्याला एवढी फट पुरते.

आता कशाचा सूड, ते तू विचारणार नाहीस. तरी लिहितो.

तुझी आई, लता, त्याला पाहुणा म्हणे. बर्फातून आपल्या गॅरेजमध्ये शिरलेला तो कुत्रा चार दिवसांत जाईल, म्हणून तिने ते नाव ठेवले. तो राहिला, नाव राहिले. ती अंथरुणाला खिळल्यावर आपण सर्व पाळीने तिच्याजवळ बसत असू. त्याची पाळी कधी संपली नाही. ती गेली. मी तिच्या अस्थी घेऊन वाईला गेलो. कृष्णेच्या घाटावरून मी तुला फोन केला तेव्हा तू सांगितलेस, “बाबा, पाहुणा म्हातारपणानं गेला.” मी तेथेच पुन्हा नदीत उतरलो आणि त्याच्या नावानेही ओंजळभर पाणी सोडले. खोट्या बातमीवर मी खरे पाणी सोडले. पौषात लताचे वर्षश्राद्ध झाले, तेव्हाही तू माझ्या शेजारी दर्भ बोटात घालून बसलास आणि गप्प राहिलास.

चैत्रात अनिका मला सहज म्हणाली, “आजोबा, डॅडनी त्याला शेवटच्या इंजेक्शनसाठी व्हेटकडे नेलं तेव्हा मला सोबत येऊ दिलं नाही.” तिला वाटत होते, मला ठाऊक आहे. त्याला काही झाले नव्हते. तो लताच्या खोलीच्या मिटलेल्या दाराशी बसून रात्रभर रडत असे, एवढाच त्याचा रोग.

तुला ते रडणे ऐकवेना. मी समजू शकतो, आणि समजू शकतो म्हणूनच क्षमा करू शकत नाही. स्मशानात तुझ्या डोळ्यांत पाणी आले नाही. लोक म्हणाले, मुलगा धीराचा आहे. तुला रडता आले नाही, म्हणून घरात जो एक जीव तिच्यासाठी मोकळेपणाने रडत होता, त्याचा आवाज तू बंद करवलास. ज्याला तुझ्या आईने पाहुणा म्हटले, त्याला तू तिच्याच उंबऱ्यावरून उचलून नेलेस. अतिथीला विन्मुख पाठवणाऱ्याचे पुण्य अतिथी घेऊन जातो असे मी तुला लहानपणी सांगे. मारणाऱ्याचे काय होते हे सांगण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

म्हणून मी तुला श्वानांच्या दारोदार फिरवले. तुझे पाय पोळावेत, लोकांनी हसावे, आणि ज्याला तू नको म्हणालास त्याच्या जातीने तुला दिवसभर नको म्हणावे, असे मला वाटत होते. त्या विचाराने मी त्या दिवशी सुखाने जेवलो. अनिका फोनवर म्हणाली, “आजोबा, दॅट वॉज मीन.” मी म्हणालो, “होय, बाळ.”

त्यावर तिने जे सांगितले, ते मी ऐकायला तयार नव्हतो. स्टेशनजवळच्या एका वृद्ध बाईने आपल्या थकलेल्या कुत्र्याचा पट्टा सोडला. त्याने घास खाल्ला, पान चाटले, मग तुझे हात चाटले. तू फुटपाथच्या कडेला बसलास आणि त्याच्या गळ्यात तोंड घालून असा रडलास, की ती बाईही तुझ्याजवळ खाली बसली. अनिका म्हणते, तू आईला हाक मारत नव्हतास. तू म्हणत होतास, “पाहुण्या, सॉरी.”

तू वरचेवर निरोप पाठवतोस की कालवा ऑक्टोबरात बंद होईल, बाबा जातील कोठे? ते खरे आहे. हिवाळ्यासाठी पाणी उतरवतात, बोटी काठाला लागतात. चँडलरला गिरीशकाका ये म्हणतो, तेथे थंडी नाही. मी त्याला नकार कळवला आहे. तुझ्या रडण्याने माझा राग गेला असे समजू नकोस. तो येथेच आहे, या क्षणी लेखणी तोच धरून आहे. परंतु मी नेपरव्हिलला येईन.

एकटा येणार नाही. शबलला घेऊन येईन. श्याम स्वानंदीपाशी राहील. शबल अधू आहे, त्याच्या अंगाला वास येतो, आणि रोज दिवेलागणीस मी स्तोत्र म्हणू लागलो की तो मान वर करून रडतो. का, ते मला ठाऊक नाही. त्याला तुझ्या आईच्या खोलीच्या दाराशी मी निजवीन. सुमेधाला आधी सांगून ठेव. तो रडू लागला की त्याला कोणी गप्प करायचे नाही. दार लोटायचे नाही, कानात ती यंत्रे घालायची नाहीत. तू जिन्यावर बसायचे आणि त्याचे होईपर्यंत ऐकायचे. रोज. मी असेन तोपर्यंत, आणि मी नसल्यावर तो असेल तोपर्यंत.

ही तुझी शिक्षा आहे. दुसरे काही समजायचे असल्यास तो तुझा प्रश्न.

मान्य नसल्यास कळव. मग माझ्या अंत्यविधीस स्वानंदी पुरेशी आहे, तसे मी तिला सांगून ठेवले आहे. मान्य असल्यास कळवू नकोस; खोलीचे दार उघड आणि उंबऱ्याशी एक जुने कांबळे टाक. लताचे निळे असेल तर तेच.

पत्राच्या आरंभी जो शब्द लिहिला नाही, तो येथेही लिहीत नाही. तो मी माझ्या हाताने, तुझ्या डोक्यावर ठेवीन. पण त्या दाराशी आल्यावर, आणि शबल आधी आत गेल्यावर.

तुझा जन्मदाता,
दिगंबर