मे महिन्यातली गोधडी

माधव नगर, उज्जैन
१२ मे

तीर्थरूप माईस,
उन्हाने करपलेल्या शर्वरीचा नमस्कार.

गोधडी पोचली. सूर्य थंड होणार असं कुठेतरी वाचून तू भर मे महिन्यात गोधडी पाठवलीस! मी बरी आहे. परवा शाळेत चक्कर आली, ती नुसती उन्हाची.

आमच्या सोसायटीचे अध्यक्षही तुझ्याच पंथाचे. पार्किंगसाठी त्यांना कडुनिंब तोडायचा होता. म्हणाले, "मॅडम, सूरज ठंडा हो रहा है, अब छाँव किसको चाहिए?"

मी भर मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, की सूर्य मंदावला तरी पारा डिग्रीच्या दशांशांनीच उतरेल. आपल्या धुराने तो त्याहून कितीतरी जास्त चढतोय. वर म्हटलं, "गर्मी बढ़ने की बात पर बहुत संशोधन हो चुका है!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माई, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती गं! आपल्या संशोधनाला ते शोध म्हणतात. गर्मीची बात चुकीची होती, असं खुद्द फिजिक्सच्या मॅडमच म्हणाल्या, असं सांगत मेल्यांनी दुसऱ्याच दिवशी झाड आडवं केलं!

बाबांचा गुडघा कसा आहे? दुपारी त्यांना बाहेर सोडू नकोस.

तुझी गोधडी वाया गेली नाही. कडुनिंब होता तिकडच्या खिडकीवर टांगली आहे, ऊन अडवायला.

तुझी,
शर्वरी