जत्रा होऊ दे

बोरी
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लिफाफा पोचला. उघडला तर आत पत्र नाही, अर्ज. पोटच्या पोरीनं बापाला 'मा. सचिव, मारुती क्रीडा मंडळ, बोरी' असं लिहिलेलं वाचायची वेळ माझ्यावर आली. खाली 'आपली विश्वासू'. तुझी आई हसत होती, मला हसू आलं नाही. फोन केला तर तू ठेवून देतेस, म्हणून मीही लिहायला बसलो.

तर मंडळाचं उत्तर ऐक. परभणीच्या कबड्डी संघात जायला तुला आमची ना-हरकत पाहिजे. ती मिळणार नाही. याच मंडळाच्या मातीत तू फ्रॉक घालून पकड शिकलीस. एकोणीस वर्षं मी या एकाच मंडळाकडून खेळलो. पूर्णेच्या रेल्वे संघानं बोलावलं तरी बोरी सोडली नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि माझीच लेक दोन वर्षं होस्टेलात काय राहिली, लगेच दुसऱ्याची जर्सी घालायला निघाली. लोक मला नावं ठेवतील.

चंपाषष्ठीची जत्रा तोंडावर आहे, त्यात मुलींचाही सामना ठेवलाय. जत्रा होऊ दे, मग बघू. थंडी पडायला लागली, स्वेटर घालत जा. आईनं चकल्या पाठवल्यात, त्यांच्यावर राग काढू नकोस.

तुझा बाप (आणि सचिव),
बजरंग

परभणी
दि. ९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चकल्या खाल्ल्या. राग तेवढाच आहे.

जत्रा सात डिसेंबरला. नोंदणीची शेवटची तारीख तीस नोव्हेंबर, अर्जात मी लाल शाईनं लिहिली होती. त्यानंतर मिळालेली ना-हरकत मी चुलीत घालू का? नोंदणी नसेल तर राज्याच्या निवड चाचणीला मला मैदानात उभंही करणार नाहीत, आणि कुमारी गटातलं हे माझं शेवटचं वर्ष आहे.

शिवाय कोणता संघ सोडू नको म्हणता? सात जणी लागतात. सत्यशीला आणि अपेक्षाची लग्नं झाली, दोघी शिकायला बाहेर गेल्या. राहिलो तिघी, त्यातली एक मी. दीड वर्षात एक सामना झाला नाही. जत्रेत आम्ही तिघींनी काय फुगडी घालायची?

तुम्हाला एकोणीस वर्षांचं काय मिळालं? एक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ, तेही बंद. गुडघा गेला तेव्हा मंडळाचं चिटपाखरूही फिरकलं नाही, आईनं तुम्हाला एसटीत घालून दवाखान्यात नेलं. तुमच्या निष्ठेचं बिल माझ्या नावावर फाडू नका.

फार कडक लिहिलं गेलं, पण खोडणार नाही. आईला नमस्कार.

सहीची वाट पाहणारी तुमची लेक,
राजनंदिनी

बोरी
दि. १४ नोव्हेंबर २०२४

चि. राजनंदिनीस,
आशीर्वाद. ते रागावर अवलंबून नसतात.

घड्याळाला सेल टाकला की चालतं. तुझं पत्र आईनं दोनदा वाचलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, ताट आदळून वाढते. हे सगळं तुझ्यामुळं.

शाल आणि घड्याळासाठी मी खेळलो नाही. २००४ च्या जत्रेत माईकवरून सांगितलं गेलं की रेल्वेनं बोलावूनही बजरंग गेला नाही, आणि गावानं मला खांद्यावर बसवून वेशीपर्यंत नेलं. तसा दिवस तुला परभणीत मिळणार नाही. सही करणार नाही. माझं बोलणं संपलं.

तब्येत सांभाळ.
बजरंग

परभणी
दि. २० नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल आमच्या सरावाला पूर्णेचे दत्ताकाका आले होते, रेल्वे संघाचे जुने कप्तान. गाव विचारलं. बोरी म्हटल्यावर, बजरंगची कोण, असं विचारलं. लेक म्हटल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग म्हणाले की तुम्ही स्वतः पूर्णेला जाऊन फॉर्म भरला होता. तुमच्या मापाची सात नंबरची जर्सी शिवून ठेवली होती. फक्त मंडळाची ना-हरकत यायची होती, ती आलीच नाही. मी त्यांना सांगितलं की बाबा बोरीसाठी गेले नाहीत. त्यावर म्हणाले, "गेला न्हाई म्हणू नको पोरी. त्याला जाऊ दिलं न्हाई."

बाबा, खांद्यावरची ती गोष्ट मी शाळेत भाषणात सांगून बक्षीस आणलं होतं. आता मला तुमचा राग येतोय, आणि रडूही येतंय. खरं काय ते लिहा. दहा दिवस राहिलेत.

राजनंदिनी

बोरी
दि. २४ नोव्हेंबर २०२४

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

दत्ता खोटं बोलत नाही.

तेव्हा मुंजाजी आबा मंडळाचे अध्यक्ष होते. मी अर्ज दिला, त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. रोज सकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. ते चहा द्यायचे, सही द्यायचे नाहीत. तारीख निघून गेली. मग जत्रेत त्यांनीच माईक घेतला आणि बजरंगनं बोरीसाठी रेल्वेला लाथ मारली म्हणून सांगितलं. मला असा संताप आला की माईक हिसकावून घ्यायला निघालो होतो. तेवढ्यात पोरांनी मला उचललं. बाया ओवाळायला लागल्या. वर बसून खरं सांगायला जीभ वळली नाही, आणि खाली उतरल्यावर कुणी विचारलं नाही. पुढं मीच ते सांगत सुटलो. आबा गेले, तरी सांगत राहिलो.

बोरीवर माझी माया नव्हती असं समजू नकोस, लय होती. पण राहिलो तो मायेनं नव्हे. आबांवरचा राग वीस वर्षं गिळला आणि तुझ्यावर ओकला. माझं चुकलं.

सोबत ना-हरकत आहे, सही-शिक्क्यासह. पोस्टाच्या भरवशावर ठेवत नाही, आई उद्या पहिल्या एसटीनं आणून देईल. यंदा जत्रेत माईक माझ्या हातात आहे. गावाला काय सांगायचं ते मी सांगतो, तू चाचणीकडं बघ.

काल शिक्का काढायला मंडळाची पेटी उघडली तर तळाशी माझा अर्ज सापडला. आबांनी तो फाडलाही नव्हता. कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात एक ओळ आहे. तीच ओळ मी तुला पहिल्या पत्रात लिहिली होती, 'जत्रा होऊ दे, मग बघू.'

राग सरला की दोन ओळी धाड. तोवर माया आहेच.

तुझा बाप,
बजरंग