हरलेल्या संघाचे जेवण

मी, तेक्ला हेडबर्ग, कै. यालमार हेडबर्ग यांची पत्नी, राहणार केल्डर्स फोर्ड, आयोवा, स्टेशनामागचे घर, पूर्ण शुद्धीत, कोणी हात न धरता हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला परगावच्या डॉक्टरकडून घेतला आहे. गावातल्या वकिलाकडे गेले नाही. त्याचा बाप कॉलेजच्या त्या संघात होता.

पहिले. घर, शिवणयंत्र आणि बँकेतली शिल्लक माझी भाची सिग्ने हिला. मी काय ठेवणार हे तिने कधीच विचारले नाही. त्याचाही मला आधी संशय आला होता. आता नाही.

दुसरे. अंत्यविधीनंतर जेवण घालावे. मांस मात्र परगावहून आणावे. इथल्या खाटकाच्या वडिलांनी मला जे विचारले होते, ते मी विसरलेले नाही.

तिसरे. इथल्या कॉलेजला एक चमचाही देऊ नये. कारण लिहून ठेवते, म्हणजे मागून कोणी 'म्हातारीचा विक्षिप्तपणा' म्हणणार नाही.

एकोणीसशे सहाच्या शरदात कॉलेजच्या फुटबॉल संघाला जेवू घालण्याचे काम माझ्याकडे होते. आई अंथरुणाला खिळलेली, माझे लग्न झालेले नव्हते. त्या कामावर घर चाले. पोरे दिवसभर एकमेकांच्या अंगावर पडून चेंडू हिसकावायची आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर तसेच बटाटे हिसकावायची. पहिले दोन सामने हरली. तिसरा परगावी होता. बाहेरचे काही खायचे नाही, अशी प्रशिक्षक ग्रोव्ह यांची सक्त ताकीद, म्हणून मी भाजलेले मांस आणि राय नावाच्या धान्याचा पाव टोपलीत बांधून दिला. मैदानातच निम्मा संघ ओकू लागला. कप्तान लॉइड पेनिमन याने ग्रोव्हना सांगितले, "मिस तेक्लाचं मांस नासकं होतं."

रविवारपर्यंत नासक्याचे विष झाले. खाटीक दुकानभर माणसांसमोर म्हणाला, "काय देऊ, मिस तेक्ला? पलीकडच्या कॉलेजनं पैसे देऊन घालायला लावलं तसलंच?" चर्चमध्ये माझ्या बाकावरच्या बायका उठून मागे जाऊन बसल्या. संघाचे जेवण हॉटेलात गेले. तिथे जेवूनही पोरे उरलेले सगळे सामने हरली. तरी लोक म्हणत, "तिचं विष अजून अंगातून उतरलं नाही."

एकटा यालमार येत राहिला. तो संघात होता, पण कोणाचा हात मोडला तरच त्याला मैदानात घेत. मी दारातच अडवले.

"कोणी पाठवलं तुला?"

"भुकेनं."

"हॉटेलात फुकट मिळतं की."

"तिथलं सूप पाणचट आहे. वाढता का जाऊ?"

वाढले. पण तो आपले ताट आधी कुत्र्यापुढे धरतो का, हे दाराआडून पाहिले. लग्न झाल्यावरही बरेच दिवस पाहत होते. त्याने कधी धरले नाही. दया म्हणून लग्न केलेस का, असे मी दर भांडणात विचारी, तो म्हणे, "बटाटे वाढ."

मागच्या हिवाळ्यात यालमार गेला. अंत्यविधीच्या दिवशी पेनिमन, आता निवृत्त न्यायाधीश, टोपी हातात धरून माझ्या स्वयंपाकघरात आला.

"तेक्ला, त्या दिवशी आम्ही हॉटेलात कालवं खाल्ली होती. सामन्याच्या आधी."

"आणि माझी टोपली?"

"गाडी पुलावर आली तेव्हा नदीत टाकली. उघडलीसुद्धा नाही. ग्रोव्हनं संघातून काढलं असतं रे... गं आम्हाला."

"तेव्हा ग्रोव्ह होता. नंतर कोण होतं?"

मग मी जे विचारायचे नव्हते तेच विचारले. "यालमारला ठाऊक होतं?"

"आम्ही सगळ्यांनीच शपथ घेतली होती, तेक्ला."

बाहेरच्या खोलीत यालमार शवपेटीत होता. मी पेनिमनला मागच्या दाराने घालवले आणि पाहुण्यांना कॉफी दिली. रडले नाही, म्हणून लोकांनी पुन्हा काहीबाही बोलून घेतले असेलच.

चौथे. वर लिहिलेल्या जेवणाला पेनिमन आला तर त्याने उभे राहून कालवांची गोष्ट सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगावी. सांगितली तर त्याला पहिल्या पंगतीत बसवून पोटभर वाढावे. नाही सांगितली तर पाणीसुद्धा विचारू नये. तो पुटपुटून वेळ मारून नेईल. सिग्ने, लक्ष ठेव.

पाचवे. यालमारशेजारी दुसरी जागा घेऊन ठेवली होती. ती विकून टाकायला मी दोनदा कबरस्तानाच्या कचेरीत गेले आणि दोनदा परत आले. तो माझ्याकडे येत राहिला तो भुकेने, की मनाला टोचत होते म्हणून, की आणखी कशाने, हे मला कळायला हवे. तरी मला त्याच्याच शेजारी पुरावे. मात्र डाव्या बाजूला. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नसे, आणि मला उत्तर हवे आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनीही सही करण्याआधी माझ्या हातचे जेवण केले आहे आणि सही करतेवेळी दोघांची प्रकृती उत्तम होती.

सही: तेक्ला हेडबर्ग

साक्षीदार: ओर्विल टस्क, टपालवाला
साक्षीदार: मिनर्वा क्लॅप, शिक्षिका (दोनदा वाढून घेतले)

केल्डर्स फोर्ड, ४ ऑक्टोबर १९४७