बॅनरवरची साक्षीदार

अंबाजोगाई
१७ डिसेंबर २०२५

चि. आदिनाथ यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आणलेल्या तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून दोन दिवस खाल्ल्या. गोड होत्या. इथं थंडी चांगली पडली आहे. धनश्रीला सांग, तिनं दिलेलं तेल गुडघ्याला लावते. फरक काही नाही, पण लावते. तुझ्या लेकीचा खोकला थांबला का?

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि समोर बसलेल्याशी बोलत राहतोस. म्हणून लिहिते.

सिस्टरांच्या शाळेविरुद्धच्या सभेत बोलशील का, असं रविवारी तू विचारलंस आणि मी चहा टाकायला उठले. तू धरून चाललास की आत्या कबूल झाली. काल तुझा कार्यकर्ता शहादेव येऊन चौसाळ्याच्या चौकातल्या बॅनरचा फोटो मोठ्या कौतुकानं दाखवून गेला. तुझ्या फोटोखाली माझा. 'मिशनऱ्यांच्या छळाच्या साक्षीदार, प्रा. सत्यभामाताई.' फोटो माझ्या निवृत्तीच्या समारंभातला आहे आणि त्यात मी दात दाखवून हसते आहे. छळ झालेली बाई अशी हसते का रे? निदान फोटो तरी बघून निवडायचास.

तुझं म्हणणं सोपं होतं. "आत्या, तू फकस्त पाच मिनिटं बोल. त्या सिस्टरा धर्म बदलाय लावत होत्या, येवढंच. तुला कुठं देवाचं काय पडलंय?"

शेवटचं खरं आहे. मला देवाचं काही पडलेलं नाही. कुमारीच्या पोटी मूल आणि तिसऱ्या दिवशी उठलेलं मढं, हे मला शाळेतही पटलं नाही. आपल्या घरचे नवसही पटले नाहीत. पण देवाचं पडलेलं नसलं, म्हणजे खऱ्याचंही पडलेलं नाही, हे तू कुठून काढलंस?

दिवाळीनंतर आबा, म्हणजे तुझे आजोबा, मेंढरं घेऊन चालायला लागत ते पावसाळ्यापर्यंत. मला कुठं ठेवायचं, म्हणून सिस्टरांच्या बोर्डिंगात टाकलं. माझ्या डोक्यात उवा होत्या आणि अंगाला मेंढरांचा वास. सिस्टर अर्सुलांनी रॉकेल लावून माझं डोकं स्वतः धुतलं होतं. नाताळात त्या गवत पसरून गोठा मांडायच्या. त्यातली मातीची मेंढरं पांढरी होती. असली मेंढरं मी जन्मात पाहिली नव्हती. मी तव्याची काजळी आणून सगळी काळी करून टाकली. सिस्टरांनी कान धरला, पण मेंढरं पुसली नाहीत.

त्याच आठवड्यात आबांचा तळ गावाजवळ पडला होता. मला बघायला आले, तेव्हा गोठ्यापुढं बराच वेळ उभे राहिले. बाळाला बघायला रानातून मेंढपाळ धावत आले, असं सिस्टरांनी सांगितल्यावर आबांनी विचारलं, "आन् मेंढरं कुनाच्या जिवावर सोडून आले म्हनायचे हे?" सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. म्हणाल्या, दोन हजार वर्षांत हे कुणी विचारलं नसेल. तेव्हापासून आबांना ती बाई आवडायला लागली असावी.

मी जन्मभर इतिहास शिकवला, ती खोड जात नाही, तेव्हा थोडं ऐक. पहिली तीनेकशे वर्षं त्या सुताराच्या पोराची माणसं कुणाच्या तरी घरात जमायची. गुलाम, विधवा, हातावर पोट असलेली माणसं. रोमचे अधिकारी त्यांना धरून आणत आणि म्हणत, तुम्ही मनात काय मानता ते माना, बादशहाच्या पुतळ्यापुढं चिमूटभर धूप टाका आणि घरी जा. चिमूटभरच. कित्येकांनी टाकला, त्यांना मी नावं ठेवत नाही. काहींनी नाही टाकला.

पुढं एका बादशहानं त्यांचीच खूण आपल्या शिपायांच्या ढालींवर काढली. शंभर वर्षांत मार खाणारे मारणारे झाले. दुसऱ्यांची देवळं फोडली. इजिप्तमध्ये गणित शिकवणाऱ्या एका बाईला रथातून ओढून चर्चमध्ये नेऊन मारलं. कॉलेजात हे वाचलं, तेव्हा मी मुद्दाम सुट्टीत जाऊन सिस्टर अर्सुलांच्या तोंडावर फेकलं. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "खरं आहे. सत्ता आली आणि आमची नजर बिघडली."

इतकं सरळ मी एकाही पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलं नाही, तुझ्याही नाही. तू म्हणतोस, धर्म धोक्यात आहे. कुणापासून? चार म्हाताऱ्या बायका, एक बोअर आणि पाटीवर अभ्यास करणाऱ्या वस्तीवरच्या पोरी, ह्यांच्यापासून? तुला झेडपीचं तिकीट हवं आहे आणि शाळेला कुलूप लागलं की ते मिळेल असं कुणीतरी सांगितलं आहे. तसं म्हण. मी समजून घेईन.

आता रविवारी चहाच्या निमित्तानं जे टाळलं ते.

मी चौदा वर्षांची असताना माझं लग्न ठरलं. मी सिस्टरांकडं गेले आणि म्हणाले, मला ख्रिस्ती करा. नाव बदला, गळ्यात माळ घाला, काहीही करा, पण इथंच ठेवा. होय आदिनाथ, मीच म्हणाले. त्यांनी विचारलं, येशू पटतो का? मी धडधडीत हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुला येशू नको आहे, तुला शाळा हवी आहे. त्यासाठी देव बदलायची गरज नाही."

आणि मला घेऊन चालत तळावर आल्या. घोंगडीवर बसून आईनं दिलेली भाकरी आणि ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ताट पुसून खाल्लं. आबांनी विचारलं, "बाई, तुमी पोर बाटवनार न्हाई ह्याचा काय भरवसा?"

"तीच बाटवा म्हणत होती. मी नाही म्हटलं."

आबांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला. मग म्हणाले, "आन् मंग तुमी कावून आलात?"

"तिला शिकू द्या म्हणायला."

लग्न मोडलं. मी शिकले, तुझ्या बापाला, बद्रीनाथला, शिकवलं, आणि तुझी आई गेल्यावर तुला. तुझ्या दारातल्या गाडीपर्यंत सगळं त्या दुपारवर उभं आहे.

सिस्टर आता शाळेच्या मागच्या खोलीत असतात. त्यांना आता दिसत नाही. गेल्या महिन्यात म्हणाल्या, तुझा भाचा चांगलं काम करतो असं ऐकते, त्याच्यासाठी मी प्रार्थना करते. मी म्हटलं, करा.

बॅनर काढायचा की ठेवायचा, हे तू ठरव. ठेवलास तर मी येईन. गाडी पाठवू नकोस, एसटीनं येईन. माईक हातात आला की हेच सगळं सांगेन, मी आपण होऊन बाटायला निघाले होते तेसुद्धा. लोक हसतील, एखादा दगडही उचलेल. त्या वेळी तू माझ्याशेजारी उभा राहतोस की स्टेजवरून उतरून जातोस, हे मला माहीत नाही. तुला मी वाढवलं आणि हे मला माहीत नाही, ह्यानं रविवारपासून झोप नाही. तरी येते.

तू मानशील तोवर तुझी,
सत्यभामा आत्या